नकाशावरची निळी रेघ आणि पानावरची अंडी

कॅडेट मित्रमैत्रिणींनो, नकाशावाचनाच्या तासाला आपण आधी टेकडी शोधतो, मग खिंड, रस्ता, देऊळ, विहीर. ओढ्याकडे लक्ष जाते ते तो ओलांडायचा असेल तेव्हाच. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर समोच्च रेषा जिथे चढाच्या दिशेने आत वळतात तिथे दरी असते, आणि त्या वळणांच्या टोकांतून एक बारीक रेघ खाली उतरते. बारमाही पाणी असेल तर ती रेघ निळी असते. पावसाळा सरल्यावर कोरडे पडणारे पात्र काळ्या रेघेने दाखवतात. भूगोलात या अगदी सुरुवातीच्या, एकही उपनदी नसलेल्या प्रवाहाला पहिल्या श्रेणीचा प्रवाह म्हणतात. देशावर त्याचे नाव ओढा, सिंधुदुर्गात व्हाळ आणि आपल्या कन्नड मित्रांच्या भाषेत हळ्ळ.

आजचा धडा या बारीक रेघेवर राहणाऱ्या एका बेडकाचा आहे. प्राणी वाचवायचा म्हणजे त्याच्या जंगलाभोवती सीमा आखायची, असा आपला समज असतो. या बेडकाला तेवढे पुरत नाही. त्याला पान, पाणी आणि वेळ या तिन्ही गोष्टी एकाच जागी जुळून यायला हव्या असतात. तीनपैकी एक जरी चुकली, तरी जंगल जागेवर उभे असूनही बेडूक नाहीसा होऊ शकतो. तो कसा, हे समजून घेऊ.

कुठे भेटतो?

बोम्मसंद्र्याला असा ओढा नाही. इथल्या औद्योगिक वसाहतीच्या आजूबाजूला तलाव आहेत, तलावांना जोडणारे नाले आहेत, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर रिकाम्या प्लॉटमधल्या डबक्यांतून बेडकांचा गलका ऐकू येतो. हे मैदानी बेडूक. साचलेले पाणी मिळाले की त्यांचे काम भागते. जंगलातल्या वाहत्या पाण्याचा बेडूक पाहायचा असेल तर पश्चिम घाट गाठावा लागतो.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळ कुटुंबे सातारा, सांगली, कोल्हापूर, बेळगाव या भागातली आहेत. सुट्टीत गावी जाताना बंगळुरू-पुणे महामार्गावर कराड लागते. तिथून पश्चिमेला वळून पाटणमार्गे वर गेले की कोयनानगर येते आणि जवळच हुंबरळी हे गाव. या परिसरातल्या झाडीत पावसाळ्यात असंख्य ओहोळ वाहू लागतात. अशाच ओहोळांकाठी राहणारा बेडूक म्हणजे हुमायुनचा रातबेडूक. त्याचे शास्त्रीय नाव निक्टिबॅट्राकस हुमायुनी. पहिल्या शब्दाचा अर्थच मुळी 'रात्रीचा बेडूक' असा आहे.

तो तळहातावर सहज मावेल एवढा. अंगाचा रंग ओल्या खडकासारखा तपकिरी, त्वचेवर सुरकुत्या, आणि डोळ्याची बाहुली पत्त्यांतल्या चौकटसारखी. दिवसा तो दगडांच्या कपारीत किंवा पालापाचोळ्याखाली दडून राहतो आणि अंधार पडल्यावर बाहेर येतो. रातबेडकांची ही सगळी प्रजाती फक्त पश्चिम घाटातच आढळते. जगात दुसरीकडे कुठेही नाही. अशा जीवाला प्रदेशनिष्ठ म्हणतात. २०१७ साली एकाच वेळी सात नव्या रातबेडकांची भर पडली आणि ज्ञात जातींची संख्या ३५ झाली. त्या सातांपैकी चार इतके चिमुकले आहेत की बोटाच्या नखावर बसतील. त्यातला हुमायुनचा बेडूक हा महाराष्ट्रातल्या सह्याद्रीचा रहिवासी.

नाव कोणाचे?

या बेडकाची शास्त्रीय नोंद १९५५ साली झाली आणि त्याला नाव दिले गेले हुमायुन अब्दुलअली यांचे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे ते दीर्घकाळचे कार्यकर्ते आणि पक्षिशास्त्रज्ञ. १९५१ साली तेव्हाच्या मुंबई राज्यात वन्य प्राणी आणि पक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. त्यामागे त्यांचे मोठे परिश्रम होते.

त्यांचे आणखी एक काम या धड्याशी थेट जोडलेले आहे. एके काळी भारतातून बेडकांचे पाय गोठवून परदेशी पाठवले जात. तिकडे त्यांचे खाद्यपदार्थ होत. त्यासाठी प्रामुख्याने शेतातले मोठे बेडूक पकडले जात. १९८५ साली अब्दुलअलींनी सोसायटीच्या नियतकालिकात या निर्यातीवर सविस्तर लेख लिहिला. १९८७ मध्ये भारताने ही निर्यात बंद केली. पकडून विकल्यामुळे होणारा नाश बंदीने थांबवता येतो, कारण बाजार, गोदाम आणि बंदर यांवर पहारा ठेवता येतो. रातबेडकाला मात्र कोणी विकत घेत नाही. त्याच्यावरचे संकट निराळ्या वाटेने येते, आणि ती वाट कळायची असेल तर त्याचे पावसाळ्याचे वेळापत्रक पाहावे लागते.

पावसाळ्याचे वेळापत्रक

जून महिन्यात पाऊस स्थिरावला की नर ओढ्याच्या काठी येतात. पाण्यावर झुकलेले पान, फांदी, बुंधा किंवा ओला खडक अशी जागा पकडून ते रात्री साद घालतात. सादेच्या रोखाने मादी येते.

पुढे जे घडते त्याचा बारकाईने अभ्यास हुंबरळी परिसरात झाला. २०१० ते २०१२ या तीन पावसाळ्यांत मिळून ४० रात्री संशोधकांनी ओढ्याकाठी काढल्या आणि अंधारात टिपणाऱ्या इन्फ्रारेड कॅमेऱ्याने चित्रण केले. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. बहुतेक बेडकांत नर मादीला पुढच्या पायांनी घट्ट धरून ठेवतो आणि ती अंडी घालत असतानाच ती फलित करतो. हा रातबेडूक मादीला धरत नाही, तो हाताने पान किंवा फांदी धरतो. शुक्रद्रव मादीच्या पाठीवर सोडून तो बाजूला होतो. त्यानंतर मादी पानावर अंडी घालते आणि तिच्या पाठीवरून ओघळलेल्या द्रवाने ती फलित होतात. बेडकांमध्ये तोवर अशा सहा पद्धती माहीत होत्या, ही सातवी ठरली. या जातीत मादीही आवाज काढते, हेही त्या अभ्यासात नोंदले गेले. बेडकांत हे विरळाच. त्याआधी २००४ साली कृष्णमेघ कुंटे यांनीही रातबेडकांच्या वर्तनाच्या नोंदी प्रसिद्ध केल्या होत्या. फुलपाखरांच्या अभ्यासासाठी ओळखले जाणारे हे मराठी शास्त्रज्ञ आज आपल्याच बंगळुरू शहरातल्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्रात संशोधन करतात.

आता अंड्यांकडे या. कोंबडीच्या अंड्यासारखे कवच बेडकाच्या अंड्याला नसते. पारदर्शक जेलीचा एक थर, एवढेच त्याचे संरक्षण. पाण्यातली अंडी मासे, खेकडे खातात किंवा लोंढ्यात वाहून जातात. पानावर ठेवलेली अंडी त्यातून वाचतात, पण उन्हाला आणि वाऱ्याला उघडी पडतात. वरून झाडांची सावली आणि हवेत सतत ओलावा असेल तरच जेली ओली राहते. पिल्ले तयार झाली की पानावरून सुटून टपकन खाली पडतात. खाली वाहते पाणी असेल तर ते बेडूकमासे ओढ्यात वाढतात, कोरडा दगड असेल तर तिथेच त्यांचा शेवट.

म्हणून सुरुवातीला म्हटलेल्या तीन गोष्टी पुन्हा मोजून पाहा. पाण्यावर झुकलेले पान हवे. पानाखाली पाणी हवे. आणि अंडे घातल्यापासून बेडूकमासा खाली पडेपर्यंतचा सगळा वेळ ही दोन्ही टिकून राहायला हवीत.

कर्नाटकातले शेजारी

ओढा एकच असला तरी तिथे राहणाऱ्या प्रत्येकाचे वेळापत्रक वेगळे असते. उत्तर कन्नड जिल्ह्यात कत्तलेकान नावाचे दाट, पाणथळ जंगल आहे. तिथल्या एका रातबेडकाची नोंद २०१४ साली झाली. बंगळुरूचे बेडूक अभ्यासक के. व्ही. गुरुराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला 'कुंभारा' असे नाव दिले. या नावाचा अर्थ आपल्याला विचारायलाच नको, कारण कन्नड कुंभार आणि मराठी कुंभार एकच. हा नर ओढ्याच्या तळातला चिखल पुढच्या पायांनी उचलतो आणि अंड्यांवर लिंपतो. अंडी ओली राहावीत आणि खाणाऱ्यांच्या नजरेस पडू नयेत, यासाठी हा लेप उपयोगी पडत असावा.

दुसरा शेजारी म्हणजे नाचरा बेडूक, शास्त्रीय नाव मायक्रिक्सॅलस. ओढ्याच्या खळखळाटात आवाज पोहोचत नाही, म्हणून नर मागचा पाय लांब ताणून, बोटांमधले पडदे पसरून हलवतो. सिग्नलच्या तासाला आपण झेंडे हलवून निरोप देतो ना, तसाच हा प्रकार. मादी मागच्या पायांनी ओढ्याच्या तळातली वाळू उकरते, त्या खळग्यात अंडी घालते आणि वरून बुजवते. पावसाळ्याचा लोंढा ओसरला, पाणी उथळ आणि संथ झाले, की त्यांचा हंगाम सुरू होतो. म्हणजे रातबेडकाला भर पावसातला ओढा लागतो, तर नाचऱ्या बेडकाला पावसानंतरचा. ओढा ऑक्टोबरमध्येच आटला तर रातबेडकाचे पिल्लू कदाचित निभावून जाईल, नाचऱ्या बेडकाचा तो हंगाम मात्र बुडेल.

संकट किती मोठे?

कोणती जात किती धोक्यात आहे हे ठरवण्यासाठी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ, म्हणजे आययूसीएन, एक लाल यादी ठेवतो. धोक्याच्या तीन पायऱ्या लक्षात ठेवा : असुरक्षित, संकटग्रस्त आणि अतिसंकटग्रस्त. जातीचा प्रदेश किती छोटा, तो किती तुकड्यांत विभागलेला, संख्या किती वेगाने घटते, यांवर पायरी ठरते. हुमायुनच्या रातबेडकाला २००४ च्या मूल्यांकनात 'असुरक्षित' गटात ठेवले गेले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक मूल्यांकनात ८,०११ उभयचर जाती तपासल्या गेल्या. त्यांतल्या ४०.७ टक्के धोक्यात असल्याचे आढळले. म्हणजे दर पाच जातींमागे दोन. आपल्या नाचऱ्या बेडकांची स्थिती त्याहून बिकट आहे. २४ जातींपैकी २ अतिसंकटग्रस्त आणि १५ संकटग्रस्त. भारतातली सर्वांत धोक्यात असलेली बेडूक प्रजाती असे तिचे वर्णन त्या वेळी केले गेले.

ओढ्यातला बेडूक एवढ्या लवकर का अडचणीत येतो? मैदानी बेडूक एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात जातो. ओढ्याच्या बेडकाचे जग मात्र नकाशावरच्या रेघेसारखे लांब आणि अरुंद असते. रेघ मध्येच तुटली की वरचे बेडूक वर आणि खालचे खाली अडकतात. ही रेघ चार प्रकारांनी तुटते.

पहिला प्रकार सावली जाण्याचा. काठावरची झाडे तोडली, रस्त्यासाठी किंवा बांधकामासाठी झाडी साफ केली, की पाण्यावर झुकलेली पाने जातात. ऊन थेट पडते, पाणी तापते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो.

दुसरा प्रकार पाणी वळवण्याचा. ओढ्याच्या उगमाशी पाइप टाकून घराला, बागेला किंवा हॉटेलला पाणी नेले जाते. एका पाइपने ओढा आटत नाही. पाइपांची संख्या वाढत जाते आणि नेमके कोरड्या महिन्यांत प्रत्येकाला पाणी हवे असते. घाटमाथ्यावरचे सडे पावसाचे पाणी धरून ठेवतात आणि सावकाश झिरपू देतात. सडा फोडला किंवा बांधकामाखाली गेला तर खालच्या ओढ्याची शिदोरी संपते.

तिसरा प्रकार गाळाचा. डोंगर कापून टाकलेली माती पहिल्या पावसात ओढ्यात येते आणि तळातल्या दगडगोट्यांमधल्या फटी बुजवते. त्या फटी म्हणजे बेडकाचे घर, आणि नाचऱ्या बेडकाची तर अंडी घालण्याची जागा. वरून पाहणाऱ्याला ओढा वाहतानाच दिसतो.

चौथा प्रकार पावसाचा. सरी नियमित पडण्याऐवजी एकदम कोसळल्या आणि मग उघडीप लांबली, तर पानावरची अंडी सुकतात. २०२३ च्या त्या मूल्यांकनात २००४ नंतर ज्या जातींची स्थिती खालावली, त्यांच्यामागचे सर्वांत मोठे कारण म्हणून हवामानबदलाचा उल्लेख आहे.

जंगल उभे, बेडूक नाही

सीमा आखूनही बेडूक जाऊ शकतो, हे खरे वाटत नसेल तर ऑस्ट्रेलियातले एक उदाहरण पाहा. क्वीन्सलंडच्या पर्जन्यवनांतल्या ओढ्यांत एक विलक्षण बेडूक राहत असे. मादी फलित अंडी गिळायची, पिल्ले तिच्या जठरात वाढायची आणि पूर्ण तयार झाल्यावर तोंडातून बाहेर पडायची. या काळात जठरातले आम्ल थांबवण्याची किमया त्या बेडकाला साधली होती, त्यामुळे वैद्यकशास्त्रालाही त्यात रस होता. विज्ञानाने त्याचे नाव नोंदवले १९७३ साली. निसर्गात तो शेवटचा दिसला १९८१ साली. पिंजऱ्यातला अखेरचा बेडूक १९८३ मध्ये मेला. ओळख पटल्यापासून अवघ्या दहा वर्षांत जात संपली. त्या वेळी डोंगरावर झाडी होती, ओढे वाहत होते.

कारण शोधायला पुढे बरीच वर्षे गेली. बेडकांच्या त्वचेवर वाढणारी कायट्रिड नावाची बुरशी १९९८ साली ओळखली गेली. बेडूक त्वचेतून पाणी आणि क्षार घेतो, श्वासही घेतो. त्वचाच बिघडली की तो जगत नाही. ऑस्ट्रेलिया आणि मध्य अमेरिकेतल्या थंड डोंगरी ओढ्यांत या बुरशीने अनेक जाती संपवल्या, आणि जठरात पिल्ले वाढवणारा हा बेडूकही बहुधा तिचाच बळी. ही बुरशी पाण्यातून आणि ओल्या चिखलातून पसरते. भारतात पश्चिम घाटातून तिची पहिली नोंद २०११ साली झाली. आपल्याकडे तिकडच्यासारखी सामूहिक मरतूक दिसलेली नाही. तरी एका ओढ्याचा चिखल दुसऱ्या ओढ्यात नेणे का टाळायचे, हे यावरून कळते. आणि चिखल नेण्यात आपले बूट पटाईत असतात.

आजवर काय झाले?

कोयना अभयारण्य १९८५ साली जाहीर झाले. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे जागतिक वारसा म्हणून स्वीकारली. त्यांत महाराष्ट्रातली कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार आहेत. या सीमांमुळे मोठी जंगलतोड रोखली जाते, आणि तो आधार मोलाचाच आहे. वाघासाठी राखलेल्या जंगलात बेडकालाही सावली मिळते.

पण ओढा सीमा मानत नाही. उगम एकाच्या हद्दीत, मधला टप्पा दुसऱ्याच्या शेतात आणि खालचा भाग रस्त्याकडेला, अशी त्याची वाट असते. म्हणून छोट्या जागांचे रक्षणही तितकेच महत्त्वाचे. आंबोलीचे उदाहरण लक्षात घ्या. तिथे हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी मंदिराचे कुंड आहे. त्या पाण्यात माशाची एक नवी जात सापडली आणि २०२१ साली महाराष्ट्र शासनाने तो परिसर जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केला. क्षेत्र किती? जेमतेम २.११ हेक्टर. आपल्या परेड मैदानाशी तुलना करता येईल एवढेच. पण राखले गेले ते नदीचे मूळ. हीच हिरण्यकेशी पुढे आजरा, गडहिंग्लजवरून कर्नाटकात शिरते आणि घटप्रभेला मिळते. गावोगावच्या देवरायांनी हेच काम कायद्याच्या कितीतरी आधीपासून केले आहे. सह्याद्रीतल्या पुष्कळ देवरायांत झरा असतो, आणि देवाच्या धाकाने तिथली झाडे कोणी तोडत नसे.

आपल्याला काय त्याचे?

प्रश्न रास्त आहे. हा बेडूक औषध देत नाही, पीक राखण्याइतका शेतात उतरत नाही आणि अंधारात राहत असल्याने फार कोणाच्या दृष्टीसही पडत नाही. मात्र त्याला लागणारा ओढा आणि माणसाला लागणारा ओढा एकच आहे. सावलीचा, गाळ नसलेला, पाऊस थांबल्यावरही झिरपत राहणारा. असे हजारो ओहोळ मिळून कोयना होते, कोयनेच्या पाण्यावर महाराष्ट्रात वीज तयार होते, आणि तीच नदी कराडला कृष्णेला मिळते. बंगळुरू शहराला नळातून येणारे कावेरीचे पाणीही कोडगूच्या डोंगरातून, पश्चिम घाटातल्या अशाच बारीक रेघांतून सुरू होते. बेडकाची साद एखाद्या ओढ्यावर थांबली, तर त्या ओढ्याच्या पाण्यात, सावलीत किंवा काठात काहीतरी बदलले आहे का, हे तपासायची वेळ आली असे समजावे. ती वेळ आटलेल्या धरणाच्या कितीतरी आधीची असते.

शिबिरात पाळायचे नियम

घाटातल्या ट्रेकला किंवा शिबिराला गेल्यावर पुढील गोष्टी पाळता येतील. यातल्या एकीलाही खर्च नाही, शिस्त मात्र लागते.

१. ओढा सगळ्यांनी एकाच जागेवरून, शक्यतो उघड्या कातळावरून ओलांडावा. साठ जणांची तुकडी साठ वाटांनी उतरली तर काठाची सगळी झाडी तुडवली जाते.

२. मुक्काम काठापासून दूर असावा. पावसाळ्यात अचानक येणाऱ्या लोंढ्यापासून आपली सुरक्षितताही त्यातच आहे.

३. अंघोळ आणि भांडी यांसाठी पाणी बादलीने वर आणावे. साबण ओढ्यात जाऊ देऊ नये. बेडकाची त्वचा तो शोषून घेते.

४. डास पळवणारे मलम लावलेल्या हातांनी बेडकाला स्पर्श करू नये. खरे तर विनाकारण हात लावूच नये.

५. एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्याकडे जाण्याआधी बुटांचा चिखल ब्रशने काढावा आणि बूट पूर्ण वाळू द्यावेत. बुटांची पाहणी आपल्याकडे रोज होते. तळव्याचीही व्हावी.

६. डुंबण्यासाठी दगड रचून पाणी अडवू नये, आणि उचललेला दगड पूर्वीसारखाच परत ठेवावा.

७. रात्री जंगलात वन विभागाच्या परवानगीशिवाय जाऊ नये. परवानगी असेल तरी फोटोसाठी पान ओढू नये. त्या पानावर कोणाची तरी अख्खी पिढी असू शकते.

पालकांनाही एक विनंती. गावाकडे घराजवळ ओढा असेल तर एका वहीत दरवर्षी दोन तारखा लिहून ठेवाव्यात : ओढा वाहू लागला ती आणि आटला ती. शेजारी त्या वर्षी पहिल्यांदा बेडूक ऐकल्याची तारीख लिहिली तर उत्तमच. दहा वर्षांची अशी वही अभ्यासकाच्या हाती पडली तर ती त्याला मोठा ऐवज वाटेल, कारण मोठ्या नद्यांचे मोजमाप सरकार ठेवते, ओहोळांचे कोणी ठेवत नाही.

स्वाध्याय

१. पाटण तालुक्याचा स्थलदर्शक नकाशा घ्या. पहिल्या श्रेणीचे पाच प्रवाह शोधा. त्यांपैकी किती निळे आणि किती काळे आहेत? प्रत्येकाच्या काठाने रस्ता जातो का?

२. रातबेडूक पानावर अंडी घालतो, नाचरा बेडूक वाळूत पुरतो आणि कुंभारा चिखलाने लिंपतो. प्रत्येक पद्धतीचा एक फायदा आणि एक धोका लिहा.

३. बेडकांच्या पायांची निर्यात बंदीने थांबली. रातबेडकाचे संकट तशा बंदीने का थांबणार नाही? पाच वाक्यांत उत्तर द्या.

४. तुम्ही तुकडीचे नायक आहात. समोर दोन वाटा आहेत : एक ओढ्याच्या पात्रातून जाणारी, जवळची, दुसरी धारेवरून जाणारी, अर्धा तास लांबची. महिना जुलैचा. कोणती वाट घ्याल आणि तुकडीला त्याचे कारण काय सांगाल?